तिसरा ठोका

मीटर जिना चढत होता आणि प्रत्येक पायरीवर स्वतःला बजावत होता, आज सांगून टाकायचं. बत्तीस पायऱ्या होत्या. मोजणं हा त्याचा धंदाच. वीज कंपनीत घरोघर फिरून मीटरचे आकडे टिपायची नोकरी, त्यावरूनच हे नाव पडलेलं. बत्तिसाव्या पायरीपर्यंत निश्चय चांगला पक्का झाला होता, पण कात्रीच्या आईने दार उघडलं आणि तो तिथल्या तिथे पातळ झाला.

"आलास? ये, ये. हे सकाळपासून तयार होऊन बसलेत. दाढीसुद्धा करून घेतली लेकीकडून," काकू म्हणाल्या. "लग्नालाही एवढे वेळेवर तयार नव्हते."

मीटर हसला. हसायलाच हवं होतं. खांद्यावरच्या पिशवीत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये नऊ गाणी होती. 'उभे प्रवासी' या त्यांच्या तिघांच्या रॅप करणाऱ्या टोळक्याचा पहिला अल्बम, नाव 'पुढे सरका'. दोन वर्षं घासून झाल्यावर तो आज पाच वाजेपर्यंत एका कंपनीकडे धाडायचा होता. ती कंपनी गाणी जगभर पोचवायची, आणि फार शिस्तीची होती. पाचला एक मिनिट उशीर झाला की पुढचा नंबर थेट तीन महिन्यांनी. आत्ता साडेतीन झाले होते.

तिघांपैकी ताल बांधायचा तो मीटर. दुसऱ्याला सगळे तळमजला म्हणायचे, कारण तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याचा आवाज इतका खाली होता की बोलायला लागला की टेबलावरचा चमचा थरथरायचा. तिसरी कात्री. ती पार्लरमध्ये केस कापायची, पण नाव त्यामुळे पडलेलं नव्हतं. ते शाळेतल्या बाईंनीच तिच्या जिभेला ठेवलं होतं. गाण्यांचे शब्द तिचे, आणि खरं सांगायचं तर अल्बमही तिचाच. बाकीचे दोघे आपले दोन बाजूंचे टेकू.

स्टुडिओ म्हणजे कात्रीच्या घरातली मागची खोली, आणि त्या खोलीतलं कपड्यांचं जुनं कपाट. आत ब्लँकेटं आणि कोट टांगलेले, मधे माईक, आणि माईकसमोर कानांवर हेडफोन लावून कात्री. कपाट ज्या भिंतीला टेकलेलं, तिच्या पलीकडे तिच्या बाबांचा पलंग.

बाबा म्हणजे तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. नोकरी संपली, गुडघे गेले, पण घंटी काही सुटली नाही. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा ते उशाशी ठेवायचे आणि त्याने भिंतीवर ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांबा, झोपू द्या. दोन म्हणजे डबल बेल, चालू द्या. आणि तीन म्हणजे गाडी आहे तिथे उभी करा आणि इकडे या. घरातल्या सगळ्यांना हे पाठ होतं, आणि दोन वर्षं त्या घरी पडीक असलेल्या मीटरलाही.

टोळक्याचाही एक कायदा होता. गाणं एका दमात म्हणायचं. माईकवरचा लाल दिवा लागला की घराला आग लागली तरी थांबायचं नाही. जोडून, चिकटवून केलेल्या गाण्यात जीव नसतो, असं कात्रीचं मत, आणि कात्रीच्या मताला अपील नव्हतं.

चार महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी ती दोघंच होती. तळमजला कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काढत होता आणि काकू औषधांच्या दुकानात कामावर होत्या. सातवं गाणं चाललं होतं. ते बाबांवरच होतं.

तीस वर्षं पाठ टेकून उभा चालत्या गाडीला,
जगाला दिली बसायला जागा, हात स्वतःचा दांडीला.

पहिल्या कडव्यातच भिंतीवर ठोके आले. ठक, ठक. दोघांच्याही हेडफोनमध्ये ते शिरले. कपाटाच्या उघड्या दारातून कात्रीने डोळे मोठे करून मीटरकडे पाहिलं, आणि मीटरने अंगठा वर केला. डबल बेल! बाबांवरचं गाणं आणि बाबाच ताल देतायत! कात्री अशी पेटली की तसं तिला कुणी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. गाणं संपल्यावर दोघांनी खोलीत उड्या मारल्या. मीटरने तेवढे दोन ठोके कापून घेतले, गाण्याखाली सलग बसवले, आणि मोठा स्पीकर लावून पाच वेळा वाजवलं. साडेपाचला काकू घरी आल्या तेव्हा बाबा पलंगाखाली पडलेले होते.

पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बोलणं राहिलं असतं. काकूंनी त्यावर स्वतःची समजूत घातली ती अशी, की बाबांना हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. येईल त्याला त्या हेच सांगायच्या, आणि सांगून झालं की त्यांना थोडं बरं वाटायचं.

नऊ दिवसांपूर्वी मीटर सातव्या गाण्यावर शेवटचा हात फिरवत होता. कात्रीच्या श्वासांची खरखर काढायची म्हणून त्याने ताल बंद केला आणि कपाटातल्या माईकवर आलेला नुसता आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. ठोके दोन नव्हते. तीन होते. तिसरा अगदी मऊ होता, हात गळून पडावा तसा, आणि गाण्याच्या भरात तो तिच्या आवाजाखाली दडपून गेला होता. तीन, मग थोडं थांबून पुन्हा तीन. असं आठ वेळा. मग दोनच. मग एक. आणि मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज, ज्यावर कात्री तिची सगळ्यात जबरदस्त ओळ म्हणत होती.

रोज शेकडो आकडे बिनचूक टिपणाऱ्या माणसाला तीनपर्यंत मोजता आलं नव्हतं. त्या दिवसापासून मीटरला जेवण जात नव्हतं. सांगावं तर कात्री कोसळेल, काकूंचा एकमेव आधार जाईल, आणि ज्याने अंगठा वर केला त्याचं तोंड या घरात पुन्हा कोण बघेल? न सांगावं तर बाबांची हाक गाण्यातलं वाद्य म्हणून जन्मभर जगात वाजत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्याने भेकडाचा मार्ग काढला. ठोके काढून टाकले आणि त्या जागी तळमजल्याने रेकॉर्ड करून आणलेला लिफ्टच्या दाराचा खटका बसवला. कुणाला कळणार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण कळणार, हे त्यालाही माहीत होतं.

बाबांच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. आधी घर, मग जग, असं कात्रीने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. अल्बम बाहेर जाण्याआधी घरच्यांनी तो सबंध ऐकायचा, मधे थांबवायचा नाही, मधे बोलायचं नाही. बाबा उशांना टेकून बसले होते. गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला, आणि डाव्या हातात तो चिमटा. आता त्यांचं सगळं बोलणं त्यावरच. दोन ठोके हो, एक ठोका नाही.

"काका, ऐकायचं ना?" तळमजल्याने विचारलं.

पलंगाच्या लाकडी कडेवर दोन ठोके पडले. मीटरचे कान तिसऱ्याची वाट बघत राहिले.

"कसा चेहरा केलायस रे?" कात्री त्याला म्हणाली. "अल्बम आहे, दाढ काढायची नाहीये."

पहिलं गाणं सुरू झालं. तळमजल्याचा आवाज आला तशी खिडकीची काच थरथरली आणि काकूंना हसू फुटलं. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यात पार्लरमधल्या एका गिऱ्हाइकाची टर उडवलेली होती, तिथे बाबांचा डावा गाल हलला. मीटर गाणी ऐकतच नव्हता. तो मिनिटं मोजत होता. चार वाजून दोन मिनिटांनी सहावं संपलं.

सातवं सुरू झालं. खटका वाजला, मग पुन्हा वाजला.

कात्रीची मान सावकाश वळली. ती काही बोलली नाही, कारण कायदा तिचाच होता. पण तिने मीटरवर जी नजर लावली ती सातवं संपलं तरी काढली नाही, आठवं संपलं तरी नाही. नववं सगळ्यात लांब होतं. मीटरला वाटलं, हे गाणं आपण एवढं लांब का केलं? बाबांनीही चिमटा धरलेला हात पोटावर ठेवला होता आणि ते भिंतीकडे बघत होते.

संपल्यावर काकूंनी टाळ्या वाजवल्या. तळमजल्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. कात्री उठली.

"मीटर, जरा मागच्या खोलीत ये."

दार लावून घेऊन ती कपाटाला पाठ टेकून उभी राहिली.

"माझ्या बापाचा ठोका काढून तिथे लिफ्टचं दार बसवलंस?"

"साफ नव्हता तो. खरखर होती."

"तुझं अख्खं आयुष्य खरखर आहे. मी कधी काही बोलले? मूळचं लाव."

"आता वेळ नाहीये. साडेचार होतील."

"मग बोलण्यात घालवू नकोस. मूळचं गाणं गेलं नाही तर अल्बम जाणार नाही. बाबांच्या हातचं त्यात तेवढंच आहे. यापुढे त्यांच्याकडून दुसरं काय मिळणार आहे मला?" तिचा आवाज फाटला, आणि तो फाटला याचाच तिला राग आला. तिने लॅपटॉप ओढून घेतला. "सरक. मी शोधते."

मीटरने झाकणावर हात ठेवला.

"कात्रे, नको."

"हात काढ."

"नको ऐकूस. हात जोडतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षांत मीटरने कधी हात जोडले नव्हते. त्याच्या तोंडाला पडलेलं कुलूप मग आपोआपच निघालं.

"ते दोन नव्हते," तो म्हणाला. "तीन होते."

"काय तीन?"

"ठोके. त्या दिवशीचे. आपण दोनच ऐकले. तिसरा ऐकू आला नाही, हात चालत नव्हता त्यांचा. ताल नव्हते देत ते. ते बोलावत होते आपल्याला."

कात्रीने हेडफोन उचलून कानांवर लावले आणि बोटाने खूण केली, लाव.

त्याने लावलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजही नव्हती. कुठल्या सेकंदाला काय आहे हे नऊ दिवसांत पाठ झालं होतं. पहिले तीन. दुसरे तीन. तिचे ओठ नकळत तिच्याच गाण्याचे शब्द म्हणत होते, ते थांबले. चौथ्या वेळी तिने डोळे मिटले. दोन आले असतील. आता एक. मग तिचा खांदा एकदम दचकला, म्हणजे तो पडल्याचा आवाज आला होता. तरीही तिने हेडफोन काढले नाहीत. गाणं संपेपर्यंत ती उभी राहिली.

"यानंतर आपण काय केलं?" तिने विचारलं.

"तुला माहितीये."

"तू सांग."

"उड्या मारल्या. मोठ्याने लावलं. पाच वेळा."

"म्हणजे बाबा तिथे जमिनीवर पडलेले, आणि आपण त्यांचीच हाक त्यांना स्पीकरवर ऐकवत होतो."

मीटरला रडू आलं. एवढा बाप्या माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसत रडला. कात्रीने त्याची समजूत काढली नाही. का काढावी?

"तुला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस तू माझ्या घरी येऊन चहा पितोयस."

"अंगठा मी वर केला होता, कात्रे. तू आत होतीस. मी थांबवायला हवं होतं."

"मीही हसले होते," ती म्हणाली. "आणि थांबायचं नाही हा कायदा कुणाचा होता?"

तिने दार उघडलं आणि सरळ बाबांच्या खोलीत गेली. मीटर धावला. तिला धरावं, तोंडावर हात ठेवावा, काहीतरी करावं, पण तोवर ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली होती. काकू औषधाची बाटली हलवत होत्या. तळमजला खुर्च्या उचलत होता.

"बाबा," कात्री म्हणाली, "एक विचारते. खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही भिंतीवर ठोकलं होतं? आम्हाला बोलावलं होतं?"

बाटली हलायची थांबली.

"असं काय विचारतेस गं?" काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा क्षणात पांढराफटक पडला. "वेळच कुठे मिळाला त्यांना? मिळाला असता तर..." त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या कानांभोवती हेडफोनचे लाल वळ होते. ते त्यांनी पाहिले असावेत, कारण त्यांची नजर तिथे थांबली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. आणि मग दारात उभ्या असलेल्या मीटरकडे. तिथे नजर इतका वेळ राहिली की मीटरला वाटलं, आता माझा हिशोब होणार, आणि झालेला बरा. त्यांना सगळं माहीत होतं. भिंतीपलीकडचं हसणं, उड्या, पाचही वेळा लावलेलं गाणं, सगळं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं.

त्यांनी चिमटा उचलला. पलंगाच्या कडेवर एक ठोका पडला.

सगळे दुसऱ्याची वाट बघत राहिले. तळमजला हातात खुर्ची तशीच धरून उभा होता. बाबांनी हात सावकाश खाली घेतला, चिमटा चादरीवर ठेवला आणि बोटं त्याच्यापासून दूर नेली.

नाही.

"बघ!" काकूंच्या छातीतून मोठा श्वास सुटला, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसायलाही लागल्या. "मी म्हणत होते ना? वेळच मिळाला नाही त्यांना. उगाच काहीतरी मनात आणतेस आणि मलाही घाबरवतेस."

"चुकलं माझं," कात्री म्हणाली. तिने बाबांच्या पालथ्या हातावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. काकूंना वाटलं, पोर गाण्यांमुळे हळवी झाली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. मीटर भिंतीशी उभा होता. पाचला सतरा मिनिटं होती.

"तुझं त्यांना कळलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "माझंही. आणि तरी ते खोटं बोलले. जन्मात पहिल्यांदा. बोलता येत नसताना."

"मी अल्बम मागे घेतो. कंपनीला कळवतो."

"मागे घेतलास तर आई कारण विचारेल. तिला काय सांगू? बाबा खोटं बोलले म्हणून?" तिने त्याच्या हातात लॅपटॉप दिला. "पाठव. सातवं मूळचं घाल. पण दोन कापून नाही. अख्खे घे, तिसऱ्यासकट, जसे आले तसे. शेवटच्या एकापर्यंत."

"काकूंनी ऐकलं तर?"

"आपण त्या खोलीत होतो, तेव्हा ऐकू आलं का आपल्याला? तिला दोनच ऐकू येतील. सगळ्यांनाच दोन येतील."

"आणि आपल्याला?"

"तीन," कात्री म्हणाली. "दर वेळी. कुणाच्या फोनवर वाजो, रिक्षात वाजो, लोक नाचत असोत. तुला आणि मला तीन. आणि यापुढे माईक चालू असताना कुणी साधं दार वाजवलं तरी थांबायचं."

मीटर जमिनीवर बसला आणि कामाला लागला. त्याची बोटं एकदाही चुकली नाहीत. पाचला सहा मिनिटं असताना गाणं बसलं. पाचला दोन मिनिटं असताना अल्बम गेला. पोचल्याची पावती आली तशी तळमजल्याने असा आवाज काढला की शेजारच्या बाईंनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं.

"गेलं? म्हणजे आता सगळ्या जगात?" काकू पदराला हात पुसत विचारत होत्या. "ते सातवं बदललंत म्हणे शेवटी? मला ऐकवा की. आधी घर ना?"

मीटरने कात्रीकडे पाहिलं. ती बाबांच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसली होती. तिने मान हलवली.

त्याने गाणं लावलं. ठोके आले. काकूंचा चेहरा उजळला आणि त्या मांडीवर ताल धरू लागल्या, दोन, मग थांबून पुन्हा दोन.

"आत्ता कसं! हे यांच्याच हातचे ठोके," त्या म्हणाल्या. "कसलं ते खटक्याचं घातलं होतंत? हे ऐकलं की वाटतं, पलीकडे बसून ठोकतायत आपले धडधाकट. मोठ्याने लाव ना रे. अजून मोठ्याने."

मीटरने आवाज वाढवला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि कात्री त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरून शेवटचा ठोका येईपर्यंत बसून राहिली.